कुंदाताई, तू मला दाखवलं होतंस

ताई,

तुझ्या तेरवीला जेवणं उरकल्यावर पाहुण्यांनी सगळा ठपका तुझ्यावर ठेवला. वाईट बोलायचं म्हणून नव्हे. माणूस अवेळी गेलं की कारण कुठेतरी टेकवून मोकळं व्हावं लागतं, ते त्यांनी तुझ्याच पदरात टाकलं. "कुंदानं अंगावर काढलं जी. सख्खा भाऊ डोळ्याच्या दवाखान्यात, अन् तिनं त्यालेही दाखवलं नाई."

मी पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होतो. ऐकलं आणि पुढच्या पानाशी गेलो.

तू कुठे जन्मलीस, किती शिकलीस, तुझ्यामागे कोण कोण आहे, हे तेरवीच्या पत्रिकेत छापून झालं आहे. ते मी लिहीत नाही. भुवईपासून गालाच्या हाडापर्यंतची जी चार बोटं जागा असते, तिच्यावर तुझंही पोट होतं आणि माझंही. आपण आयुष्यभर भांडलो ते त्या जागेवरून. आणि तू गेलीस तीही तिथूनच.

आपला जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी तू आमगावात, घराच्या पुढच्या खोलीत, पार्लर काढलंस. मी त्याच सुमारास एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा सहायक म्हणून लागलो होतो. चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूची माणसं शोधून शिबिराला पाठवायची, चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत डोळ्यात गेलेलं धानाचं कुसळ काढायचं. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी त्यांना दुरुस्त करत नसे. तू करायचीस. "डॉक्टर नाई जी तो. डॉक्टरच्या बाजूले बसते." सगळ्यांसमोर. मला फार झोंबायचं ते.

त्याचा वचपा काढायला मी तुझ्या पार्लरमध्ये येऊन भाषण दिलं होतं. एकच काजळाची कांडी दहा जणींच्या डोळ्यांत फिरवू नको, एकीच्या पापणीचे जंतू दुसरीला जातात, ब्रश धुवत जा, हे नि ते. तू दोऱ्याचं टोक दातांत धरून शाळेतल्या एका मास्तरीणबाईंच्या भुवया कोरत होतीस. काम पुरं होईपर्यंत तू मान वर केली नाहीस. मग म्हणालीस, "तुया दवाखान्यात ड्रॉपची एक शिशी किती जणांच्या डोळ्यात जाते रे, विनू?" मास्तरीणबाई हसल्या. मी चप्पल घालून निघालो. पण पुढच्या खेपेला आलो तर कांडी गेलेली होती आणि डब्यात कापसाच्या काड्या होत्या, एकदा वापरून फेकायच्या. तू ऐकलं होतंस. फक्त मला तसं सांगायचं नव्हतं तुला.

डोळ्याखालची कातडी सगळ्या अंगावर सगळ्यात पातळ असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुला ते बोटांनी ठाऊक होतं. तिथे अंगठीचंच बोट लावायचं, त्या बोटात मुळात जोर नसतो, असं तू शिकायला येणाऱ्या मुलींना सांगायचीस. तिथं ओढायचं नाही, घासायचं नाही, फक्त टेकवायचं. एखादी बाई खुर्चीवर येऊन बसली की तिच्या डोळ्याखालचं सावळं पाहून तू ओळखायचीस, ही जागते की रडते. दोन्ही सावळे वेगळे असतात म्हणायचीस. मी हसायचो. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं विचारायचो.

तुझी शिवानी दीड महिन्याची असताना तिच्या उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. तुझ्या सासूबाई डोळ्यात दूध पिळायला सांगत होत्या, जिजाजी ऑपरेशनच्या गोष्टी करत होते. मी तुझं बोट धरून बाळाच्या नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर टेकवलं. इथे अश्रूंची इवलीशी पिशवी असते, तिच्यातून एक नळी नाकात उतरते, काही बाळांची ती खालून उघडलेली नसते. नख कापून, हात धुऊन, इथून खाली दाबत आणायचं, दिवसातून चार-पाच वेळा. तू एक दिवस चुकवला नाहीस. काही महिन्यांनी एका सकाळी तू फोन केलास, म्हणालीस, डोळा कोरडा आहे. आणि त्याच दिवशी पार्लरमधल्या बायांना सांगितलंस, "माया भावानं बरा केला. डॉक्टरच आहे तो."

मी किती वर्षं त्या वाक्यावर जगलो, ताई. आता वाटतं, तिथेच घात झाला. त्या बाळाच्या डोळ्यानं तुझा माझ्यावर जो विश्वास बसला, तो तू शेवटपर्यंत काढून घेतला नाहीस. काढायला हवा होतास.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. सालेकस्याकडची एक बाई आली होती, भावाच्या लग्नाला जायचं म्हणून. डावा डोळा सुजलेला, खाली निळं-काळं, गालापर्यंत. पायरीवर पडले म्हणाली. तू काही विचारलं नाहीस. आधी नारिंगी रंगाचं काहीतरी टेकवलंस, मग त्यावर तिच्या कातडीच्या रंगाचं, आणि दहा मिनिटांत तिथे काही झालंच नव्हतं. ती गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. हिला दवाखान्यात पाठवायचं, हाडाला मार असेल, नोंद व्हायला पाहिजे होती.

"तू काय केलं असतं?" तू विचारलंस. "मलम देऊन त्याच घरी पाठवलं असतं. मी रंग देऊन त्याच घरी पाठवलं. फरक सांग."

"मी लपवत नाही."

"लपवलं म्हणून ती भावाच्या लग्नात नाचली तरी असंन."

तू जिंकलीस असं तुला वाटलं, आणि मलाही.

मग तो तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. शिवानी तेव्हा दहा वर्षांची होती. मी तुझ्याकडे जेवायला आलो होतो. तू ताट वाढता वाढता डावा डोळा मिटून दाखवलास. वरच्या पापणीत, काठाच्या जरा वर, लाखोळीच्या डाळीएवढी गाठ. "दुखत नाई. पण जात नाई. दोन महिने झाले."

माझ्या तोंडात करंजी होती. मी उठून हात धुतले नाहीत, पापणी उलटून पाहिली नाही, बॅटरी मागितली नाही. बसल्या जागेवरून म्हणालो, "रांजणवाडी आहे. शेक दे."

तू शेक दिलास. कोमट पाण्यात कापड बुडवून, दिवसातून तीनदा, मी सांगितलं तसं पाच-पाच मिनिटं. पार्लरमध्ये गिऱ्हाईक बसवून आत जाऊन शेकायचीस. गाठ जरा बसली. मी फोनवर म्हणालो, बघ.

संक्रांतीला आलो तेव्हा ती परत आली होती. त्याच जागी. तू मला आरशापुढे उभं केलंस आणि बोटानं दाखवलंस. "विनू, इथले केस झडले बघ. मी चिमटा लावला नाई, काई नाई. आपोआप झडले. इतक्या बाया पाहिल्या, पण एवढ्याच जागेचे झडलेले कोणाचे पाहिले नाई मी."

ते तुझे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. कारण हेच मला शिकवलं होतं. चाळिशीच्या पुढचं माणूस, न दुखणारी गाठ, त्याच जागी पुन्हा, आणि तिथले केस गळालेले, तर शेक देत बसू नका, तुकडा काढून तपासायला पाठवा. पापणीत ओळीनं तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचा कर्करोग रांजणवाडीचं सोंग घेऊन येतो. माझ्या वहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं, आणि पूर्ण मार्क मिळाले होते.

आणि मी तुला म्हणालो, "त्या नकली पापण्यांच्या गोंदानं झडले असतील. धंद्याचं सामान स्वतःला लावणं बंद कर."

"मी सोताले कवा लावते रे ते?"

"मग काजळानं." मी खिशातून मलमाची ट्यूब काढून दिली. तू ती घेतलीस.

दुसरी कोणी बाई असती तर मी त्याच दिवशी नागपूरला चिठ्ठी लिहिली असती. देवरीच्या जंगलातून आलेल्या, मला नाव न ठाऊक असलेल्या बाईला लिहिली असती. पण आरशापुढे तू होतीस. आणि जे मला दिसायला हवं होतं ते तू दाखवत होतीस, दोरा आणि चिमटा चालवणारी तू. त्या चार बोटं जागेतलं तुला माझ्याहून जास्त दिसतं, हे मला कबूल करायचं नव्हतं. एवढंच होतं ताई. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही.

उन्हाळ्यात लग्नं होती, तुला मान वर करायला वेळ नव्हता, आणि मीही विचारलं नाही. पावसाळ्यात शिवानी तुझे केस विंचरत होती, तिच्या बोटाला कानासमोर गाठ लागली. तू मला फोन केला नाहीस. बसनं दवाखान्यात आलीस, चिठ्ठी काढलीस, बाकावर सगळ्यांसारखी ओळीत बसलीस. तुझा नंबर आल्यावर मी पहिल्यांदा हात धुऊन, पापणी उलटून पाहिलं. पिवळट, खडबडीत. कानासमोर दाबलं. तू माझ्या तोंडाकडे पाहत होतीस. "काय झालं रे?" मी म्हणालो, "उद्या नागपूरला जाऊ."

नागपूरच्या डॉक्टर मॅडम वयस्कर होत्या, बोलायला कडक. त्यांनी तुझी पापणी पाहिली, गाठ पाहिली, आणि लिहिता लिहिता विचारलं, "याआधी कुणाला दाखवलं होतं?"

मी तुझ्या शेजारच्या स्टुलावर होतो. माझ्या मांडीवर तुझी फाइल होती.

"नाई," तू म्हणालीस.

"वर्षभर? एकालाही नाही?"

"पार्लर आहे ना मॅडम. टाइमच नाई भेटला."

त्यांनी पेन खाली ठेवला आणि तुला झापलं. शिकलेल्या बायका तुम्ही, दुसऱ्यांचे चेहरे सजवता, स्वतःच्या डोळ्याकडे बघायला वेळ नाही, आता माझ्याकडे घेऊन येता. तू मान खाली घालून ऐकलंस. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"भाऊ," मी म्हणालो.

काय काम करता, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तपासणीचा कागद आला तेव्हा आपण पुन्हा गेलो. रोग पापणीतून मागे उतरला होता. दोन्ही पापण्या, डोळा, खोबणीतलं सगळं काढावं लागेल, मग लाइटचा शेक, म्हणजे रेडिएशन. जिजाजी भिंतीला टेकून उभे राहिले. तू एकच विचारलंस, "भुवई राहीन का मॅडम?" त्यांनी कागदावरून मान वर केली. राहील म्हणाल्या. "मंग करा," तू म्हणालीस.

परतताना स्टेशनवर जिजाजी पाणी आणायला गेले, तेव्हा मी विचारलं, "ताई, तू खोटं कशाला बोललीस?"

तू बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस. "मंग काय सांगू? भाऊ डोळ्याच्या दवाखान्यात आहे अन् त्यालेच समजलं नाई?" मग म्हणालीस, "अन् तू काऊन नाई बोलला? तुले तोंड नव्हतं?"

जिजाजी बाटली घेऊन आले. गाडी लागली. आपण चढलो.

त्यानंतर दीड वर्ष तू होतीस, आणि आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. तू माझी लाज राखलीस की स्वतःची, हे मला अजून समजलेलं नाही. लोकांसमोर ज्याला डॉक्टर म्हटलं तो कच्चा निघाला, हे तुला पचलं नसावं. की मी दवाखान्यात तोंड दाखवू शकावं म्हणून तू झापून घेतलंस? काहीही असो, मला राग आहे तुझा. तू मला वाचवलंस असं म्हणवत नाही. तू मला गप्प बसायची सोय करून दिलीस आणि मी ती घेतली. त्या सालेकस्याच्या बाईचं उत्तर मला त्या बाकावर सापडलं होतं. तिच्या डोळ्याखालचा रंग तिच्या कामी आला नव्हता, तो तिला मारणाऱ्याच्या कामी आला होता. तुझं खोटं माझ्या कामी आलं. हे तुला सांगून भांडण पुरं करायला हवं होतं. तुला बरं नाही, म्हणून मी लांबवत राहिलो.

ऑपरेशननंतर तू काळा चष्मा लावून पार्लर उघडलंस. नवऱ्या मुली यायच्या बंद झाल्या. हळदीच्या दिवशी तशा बाईचा हात नको, असं एका नवरीची आई दारातच बोलून गेली. जिच्या मोठ्या मुलीला तूच सजवलं होतंस, तीच. त्या मास्तरीणबाई तेवढ्या दर महिन्याला येत राहिल्या, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या, ज्यांच्या पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला टोचतात. त्यांना मीच तुझ्याकडे पाठवायचो. एका डोळ्यानं, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन, तू चिमट्यानं ते केस उपटायचीस. त्या म्हाताऱ्या तुझ्या चष्म्याकडे पाहून काही विचारत नसत. तुझा हात हलका आहे, एवढंच म्हणत.

दर रविवारी मी ड्रेसिंगला यायचो. पाणी उकळून गार केलेलं, कापूस, जाळी. जिथे तुझी पापणी होती तिथे आता पापणी नव्हती आणि मी ती जागा आतून पुसायचो. जितक्या काळजीनं मी तेव्हा पाहिलं, तितक्या काळजीनं त्या पोळ्याच्या दिवशी पाहायला मला दोन मिनिटं लागली असती. एकदा माझा हात जड झाला असावा. तू दुसरा डोळा मिटून म्हणालीस, "अंगठीचं बोट लाव. जोर नको करू." मी बोट बदललं. तुला बरं वाटलं, ते तुझ्या कपाळावरून समजलं. त्या रविवारांबद्दल मी तुझा ऋणी आहे. तू मला हाकलून दिलं नाहीस. दुसऱ्या कुणाकडून पट्टी करून घेता आली असती तुला.

मग रोग छातीत गेला, आणि पुढचं तुला ठाऊक आहे.

तेरवीच्या दुपारी पाहुणे निघून गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. जिजाजी खुर्च्या एकात एक घालत होते. शिवानी पार्लरच्या उंबऱ्यावर बसली होती. ती आता सातवीत आहे. तेरा दिवसांत रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसलो तर ती समोर पाहत म्हणाली, "मामा, आईनं तुले काऊन नाई दाखवलं? माझा डोळा तर तूच बरा केला होता ना? दाखवलं असतं तर वाचली असती. तिले पार्लर पाहिजे होतं फक्त. आमची पर्वाच नव्हती तिले."

तिच्या आवाजात तुझ्याबद्दल जो राग होता तो मी कधी ऐकला नव्हता. तो माझा होता. माझ्या नावचा राग तुझी पोर तुझ्यावर काढत होती, आणि आयुष्यभर काढणार होती.

"दाखवलं होतं," मी म्हणालो.

जिजाजींच्या हातातली खुर्ची थांबली.

"दोनदा दाखवलं होतं. तान्ह्या पोळ्याला एकदा, संक्रांतीला एकदा. पापणीचे केस झडले तेही तिनंच मला दाखवलं. मी म्हणालो काही नाही, शेक दे. तिनं माझं ऐकलं."

"अन् नागपूरले?" शिवानीनं विचारलं. "बाबा म्हणते, डॉक्टरनं विचारलं तवा आईच बोलली का कोणालेच नाई दाखवलं."

"ती खोटं बोलली. मी शेजारी बसून ऐकलं. गप्प राहिलो."

ती माझ्याकडे वळली. तिचा उजवा डोळा आधी भरला. मग उठून आत गेली, आणि दार लावता लावता म्हणाली, "तुमी जा."

जन्मापासून मला अरे-तुरे करणारी पोर मला तुमी म्हणाली, ताई.

जिजाजींनी मोटारसायकलवरून स्टेशनला सोडलं. एसटीचे ड्रायव्हर ते, गाडी चालवताना कधी बोलत नाहीत. मी उतरलो. त्यांनी गाडी बंद केली नाही. हँडलकडे पाहत म्हणाले, "मी तिले रोज शिव्या देत होतो जी, मनातल्या मनात. एवढं अंगावर काढलं म्हणून. दीड वर्ष. तिच्या उशाशी बसून." मग गाडी वळवून निघून गेले.

याला दोन आठवडे झाले. मी दवाखान्यात जातो. माझ्या वरच्या डॉक्टरांना मी सगळं लिहून दिलं आहे, तुझं नाव आणि माझं नाव घालून. ते काय करतील ते करोत.

परवा जिजाजींचा फोन आला. मी उचलायला घाबरलो, मग उचलला. शिवानी जेवू लागली म्हणाले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही खूप रडली. आता तुझ्याबद्दल बोलते, सारखं बोलते. आई अशी करायची, आई तशी म्हणायची. शाळेतून आली की तुझ्या खुर्चीत बसून अभ्यास करते.

"अन् माझ्याबद्दल?" मी विचारलं.

"नाई जी," ते म्हणाले. "तुमचं नाव नाई काढत."

नको काढू दे, ताई. तुझं काढते ना.